साळूअक्काचं विधेयक

सावेडी, नगर
१३ नोव्हेंबर

प्रिय सोपान,

हे 'प्रिय' सवयीने लिहिलं गेलंय, त्यावर फार जाऊ नकोस. साठ वर्षं तुझ्या पत्राच्या माथ्यावर हाच शब्द लिहीत आलो. आज रागाने 'मा. खासदार महोदय' लिहायला घेतलं, तर हात वळेना. पण राग आहे, आणि तो चांगला मुरलेला आहे. काल सकाळी तुझ्या पार्थने, दिल्लीच्या तुझ्या कचेरीतल्या त्या गोड बोलणाऱ्या सहायकाने, मोबाईलवर एक कागद पाठवला. हिवाळी अधिवेशनात साहेब काय काय मांडणार त्याची यादी. खाली लिहिलं होतं, 'काका, चिठ्ठीत साहेबांचं नाव पुन्हा निघालं. पाच डिसेंबरचा शुक्रवार मिळालाय. साहेबांनी खास तुमच्यासाठी पहिला नंबर दिलाय बघा.' मी चष्मा पुसून बघितलं. पहिला नंबर कुणाला, तर शालेय काव्य-पाठांतर प्रोत्साहन विधेयकाला. दुसरं गोदावरीच्या घाटांचं. तिसरं मधमाश्यांचं. साळूअक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, विधेयक यादीत नाही. खाली नाही, वर नाही, समासातही नाही.

मी भूमिअभिलेखमध्ये तेहतीस वर्षं लोकांच्या हद्दी मोजल्या. कागदावरून माणूस कुठे सरकला आणि त्याला कुणी सरकवलं, हे मला ओळखता येतं. तू मला कविता दिलीस, सोपान. पोराच्या हातातला विळा काढून घ्यायचा असला की त्याला आधी लाडू देतात, तशी. तुला वाटलं, वाल्मिक म्हातारा झालाय, शाळेच्या कवितांवर जीव टाकतो, सकाळी फिरायला गेला तरी चौथीच्या पुस्तकातलं पुटपुटत चालतो, त्याचं नाव घेऊन एक विधेयक केलं की तो बाकीचं विसरेल. हे तुला वाटलं, याचाच मला जास्त राग आहे. नुसतं विसरला असतास, तर वय झालं म्हणून सोडून दिलं असतं.

मुळात ते विधेयक काय होतं, ते मी तुलाच सांगावं ही वेळ आली. सहा वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, दुपारी अडीचच्या सुमाराला पुणतांब्याच्या मळ्यात अक्का गाईंसाठी चारा कापायच्या यंत्रावर मका बारीक करत होती. कडबाकुट्टीत मका अडकला आणि तेवढ्यात लाईट गेली. आपल्याकडे लाईट गेली की बटण कुणी बंद करत नाही. चालूच ठेवतात, म्हणजे लाईट आल्याचं आवाजावरून कळतं आणि काम पुढे सुरू होतं. गावोगाव हीच रीत. पात्याच्या तोंडावरची जाळी तर कधीचीच काढून ठेवलेली, कारण जाळीने चारा हळू जातो. त्या जाळीखाली कोंबड्या झाकत होते. अक्काने अडकलेला मका काढायला उजवा हात आत घातला आणि लाईट आली. मनगटाच्या वर चार बोटं, तिथपर्यंत हात गेला. लोणीच्या दवाखान्यात तू मला म्हणालास, बटणात एक साधी कळ बसवली तर लाईट आल्यावर यंत्र आपोआप सुरूच होणार नाही, माणसाने पुन्हा दाबल्याशिवाय पातं फिरणार नाही. पन्नास गावांत चौकशी केलीस. मग म्हणालास, असला कायदाच पाहिजे. जाळी आणि ही कळ असल्याशिवाय कडबाकुट्टी विकताच येणार नाही असा. त्या दिवशी तू मला केवढा मोठा वाटला होतास म्हणून सांगू.

त्याचा पहिला खर्डा आपण इथे, सावेडीच्या माझ्या गॅलरीत लिहिला. आधी मराठीत, इंग्रजी नंतर दिल्लीत करायचं ठरलं, आणि अक्का डाव्या हाताने शेंगा सोलत मध्ये मध्ये दुरुस्त्या सांगत होती. तू 'यंत्रचालक' असं लिहिलंस. ती म्हणाली, "चालक कोन रं? ड्रायव्हर हाय का त्यो? बाई लिव्ह. कुट्टी बाईच करती." तू हसून खोडलंस आणि 'चालक अथवा घरातील कोणतीही व्यक्ती, विशेषतः स्त्री' असं काहीतरी लांबलचक लिहिलंस. ती म्हणाली, "सोपाना, तुझ्या दिल्लीत लाईट जात नसंल, म्हनून तुला येवढं लांबन लागतंय." राज्यसभेचा सदस्य शेंगांच्या फोलपटांत मान खाली घालून बसला होता. शुक्रवारी दुपारी अडीचपासून सरकारची नव्हे, तर साध्या खासदारांची विधेयकं घेतात, आणि कुणाचं घ्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, हे त्याच दिवशी मला तुझ्याकडून कळलं. मी विचारलं, पास होईल का? तू म्हणालास, अरे वेड्या, पन्नास वर्षांत असं एकही झालेलं नाही. पण चर्चा झाली की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. तो 'करू' म्हणाला, की ते आश्वासन लिहून ठेवतात आणि त्याचा पाठपुरावा करायला एक समिती असते. त्या एका 'करू'साठी हे सगळं. ते मला पटलं होतं. अक्कालाही पटलं. ती म्हणाली, "म्हंजी त्याला उभं तरी करायचं. बास की."

उभं करायचं यावरून शाळा आठवली. आठवते म्हणजे सुटत नाही. पुणतांब्याच्या शाळेत दर शनिवारी कविता म्हणायला गुरुजी एकेकाला उभं करायचे, आणि तू उभा राहिलास की तुझ्या कानशिलावर घाम. दुसऱ्या कडव्याशी तुझी गाडी हमखास अडायची. आदल्या दिवशी संध्याकाळी मी तुला घाटावर घेऊन बसायचो. पाणी गुडघ्याएवढं, पलीकडे वाळूत टिटव्या, ऊन पायऱ्यांवरून एकेक करत खाली उतरत असलेलं. तू म्हणायचास, अडायचास, आणि मी पुस्तक उघडायच्या आत खालच्या पायरीवर धुणं धूत असलेली साळूअक्का न बघता पुढची ओळ म्हणायची. तिची शाळा चौथीतच सुटली होती. माझं पाठांतर ऐकून ऐकून तिला पाचवी-सहावीची सगळी पुस्तकं पाठ झाली होती. पीळ घातलेलं लुगडं दगडावर आपटायची त्या ठेक्यात ती ओळी म्हणायची. अजून मी एखादी कविता मनात म्हणायला लागलो की मागे धुण्याचा आवाज येतो. तू पाठांतराचं विधेयक करतोस. तुला पाठ कुणी करून दिलं, ते त्याच्या कुठल्या कलमात घातलंस?

बरं, जाऊ दे. जुलैवर येतो. जुलैच्या मध्यावर तुझा फोन आला, आवाजात सोळा वर्षांचा पोर. 'वाल्या, नाव निघालं. आठ ऑगस्टचा शुक्रवार. अक्काला सांग.' मी त्याच दिवशी पुणतांब्याला गेलो. अक्काला दोन महिने कावीळ होती, डोळे हळदीचे झाले होते. तिने ऐकलं, आणि म्हणाली, "बरं. त्या दिशी टीव्ही लावा म्हनावं." तीस जुलैला ती गेली. नाकातोंडात चार चमचे गोदेचं पाणी आणि संपलं. दहावा दिवस आठ ऑगस्टला आला. शुक्रवारी. बोटांवर मोजलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं, हे इथेच सांगून ठेवतो.

तू आलास. आपल्या जिल्ह्यात पुढारी लग्नाला आला नाही तर लोक एकवेळ विसरतात, दहाव्याला आला नाही तर विसरत नाहीत. घाटावर माइक असतो, सतरंजी असते, पहिल्या रांगेत कोण बसलं आणि कोण बोललं यावरून मेलेल्या माणसाची किंमत ठरते. तू आठच्या ठोक्याला आलास, पांढरा सदरा, पायात चप्पल नाही. मला म्हणालास, शिर्डीचं पावणेअकराचं विमान आहे, सव्वानऊला निघतो, दुपारी सभागृहात. मी मान हलवली. पाच भाषणं झाली. तू बोललास, चांगलं बोललास, ते नाकारत नाही. मग पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकले. कावळा शिवेना. समोर चिंचेवर सात-आठ कावळे बसलेले, एकाची मान इकडे वळेना. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. बायका कुजबुजायला लागल्या, काहीतरी इच्छा राहिली म्हातारीची. भाच्याने हात जोडून गाई सांभाळीन म्हणून सांगितलं. अक्काच्या सुनेने, सुरेखाने, नातीला, पूजाला, शिकवीन म्हणून सांगितलं. कावळे ढिम्म. भटजींनी पिशवीतून दर्भ काढला, त्याचा कावळा करून पिंडाला लावू म्हणाले, शास्त्राला चालतं. आणि लोकांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी मयताचा भाऊ. मी म्हणालो, थांबायचं. माझ्या बहिणीला गवताचा कावळा नको. तू घड्याळात बघितलंस तेव्हा मी तुझ्याकडे असं बघितलं, की तू मनगट पाठीमागे नेलंस. अकरा वाजायला आले तेव्हा शेवटी तू पुढे झालास, पिंडासमोर वाकलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, 'अक्का, तुझं विधेयक मी मांडतो. शब्द देतो.' आणि चिंचेवरून एक कावळा उतरला. बायकांनी डोळ्याला पदर लावला. मीही लावला, उपरण्याचा. विमान तेव्हा वर गेलेलं होतं.

पुढचं मला लिहवत नाही, पण तू ते विसरायला बघतोयस म्हणून लिहितो. उशीर झाल्यामुळे जेवणाची पंगत अडीचला बसली. ओसरीवर तू आणि मी शेजारी. पूजाने टीव्ही लावला, संसदेचं चॅनेल. त्या पोरीला वाटत होतं, आजीचं नाव यादीत आहे म्हणजे ते येणारच. मांडणारा माणूस आपल्या ओसरीवर डाळभात कालवतोय, हे तिच्या ध्यानात कसं येणार. सबंध आठवडा गोंधळाने सभागृह रोज बंद पडत होतं, आणि नेमकं त्या दुपारी शांत चालू होतं. खुर्चीवरच्या माणसाने तुझं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग इकडे तिकडे बघितलं. मग म्हणाला, सदस्य उपस्थित नाहीत, आणि पुढचं नाव घेतलं. पाच-सात सेकंद, फार तर. तुझ्या हातातला घास तसाच राहिला. पूजा म्हणाली, "आजोबा, तुमी तर हितं हाय." वाढणारी बाई भाताचं ताट घेऊन तशीच उभी. तू हात धुतलेस आणि गाडीत जाऊन बसलास. त्यानंतर तीन महिने तुझा फोन नाही, माझा नाही. आणि काल एकदम यादी.

तू का गाळलंस ते मला कळत नाही असं समजू नकोस. एक कारण तू पार्थकडून वदवलंस. मी त्याला फोन केला तेव्हा तो चाचरत म्हणाला, 'त्या विधेयकाची पाळी एकदा होऊन गेली ना काका, आणि ते वर्कशॉपवाले पण भेटून गेले.' कडबाकुट्टी बनवणारे चारजण तुझ्याकडे जाऊन आले, कळ लावली तर यंत्र महाग होईल म्हणाले, तू चहा पाजलास. ठीक. त्यांच्या तोंडावर तू आधीही दार लावलेलं मी बघितलंय, तेवढ्याने तू ढळायचा नाहीस. खरं कारण वेगळं आहे. त्या विधेयकाचं नाव त्या सभागृहात पुन्हा पुकारलं जाताना तुला ऐकायचं नाही. तुला लाज वाटते. वाटू दे. लाज वाटते म्हणून काम सोडायची परवानगी तुला कुणी दिली? गेल्या महिन्यात राहात्याजवळच्या वाडीत रेश्मा नावाची पोरगी, एकोणीस वर्षांची, टायपिंगचा क्लास करत होती. तीन बोटं. तीच लाईट, तेच बटण, तीच काढून ठेवलेली जाळी. मी तिला बघायला गेलो. तिची आई मला म्हणाली, "तुमच्या वळखीचं कोन दिल्लीला हाय म्हंत्यात, त्यांनी कायतरी केलं हुतं ना?" मी काय सांगायचं होतं? की केलं होतं, पण आता ते कवितांचं बघतात? मला कविता हव्यात, सोपान, तुझ्याआधीपासून हव्यात. पण त्या पोरीच्या बोटांच्या जागी माझ्या नावाने कविता ठेवशील, तर ते पुस्तक मी मिटून टाकीन.

आता जे लिहायचं म्हणून एवढी पानं घालवली, ते. आठ ऑगस्टला तू स्वतःहून आला नव्हतास. मी बोलावलं होतं. तू फोनवर स्पष्ट म्हणाला होतास, 'वाल्या, त्या दिवशी अक्काचंच काम आहे, मी तिथेच बसतो, तेराव्याला येतो.' आणि मी काय म्हणालो, ते तुलाही आठवतं. म्हणालो, गाव काय म्हणेल, वाल्मिकचा एवढा खासदार दोस्त आणि त्याच्या बहिणीच्या दहाव्याला माइकवर ग्रामसेवक बोलला. सकाळी ये, दुपारी जा. तारीख मला माहीत होती. वेळ माहीत होती. विमान माहीत होतं. भटजी दर्भ काढून बसले होते, आणि मी नाही म्हणालो. अक्का असती तर म्हणाली असती, "लाव की रं गवताचा, मला काय कळतंय." तिला उभं करायचं होतं मंत्र्याला, मी उभं केलं सगळ्या गावाला, चिंचेखाली, दोन तास. हे मी तीन महिने तुझ्यावर रागावून मुरवत होतो. तुझ्यावरचा राग खोटा नाही, तो राहणार आहे. तू नाही म्हणायला पाहिजे होतंस. साठ वर्षांच्या दोस्तीत एकदा तरी माझ्या तोंडावर नाही म्हणायला काय झालं होतं तुला? पण घाटावर थांबवणारा मी होतो, तू नव्हतास. तू नुसता देहाने थांबला होतास.

म्हणून सांगतो ते नीट ऐक, आणि यावर फोन करू नकोस. फोनवर तू रडतोस आणि मी विरघळतो. सोमवारी तुला राज्यसभेच्या कचेरीत कळवायचं आहे की पाच डिसेंबरला कुठलं विधेयक घेणार. अक्काचं कळव. एप्रिलला तुझी मुदत संपते, तिसऱ्यांदा चिठ्ठी निघायची नाही. कवितांचं माझ्या नावावर मागे घे, तशी सही करून मी वेगळा कागद जोडलाय. आणि एक गोष्ट, जी तुला इतर कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. माझ्या हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत. नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, तिथे तीन डिसेंबरची तारीख मिळाली, बुधवार. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानाने ठीक आहे. कितपत ठीक, ते विचारलं की कागद चाळतात. मी घाबरलेलो नाही, फक्त हिशेब मांडून बघितला. बुधवारी काही झालं, तर गुरुवारी तुला निरोप येईल, तू पहिल्या विमानाने येशील, आणि शुक्रवारी दुपारी अडीचला पुन्हा तुझं पूर्ण नाव पुकारलं जाईल. तेव्हा घरी सगळ्यांना बसवून सांगितलंय, माझ्या सुनेकडून तसं वदवून घेतलंय, पुणतांब्याला भाच्यालाही कळवलंय: काहीही झालं तरी सोपानला शनिवारी कळवायचं.

तुझ्यावर अजून रागावलेला, तरीही तुझाच,
वाल्मिक